खेकडे सापळ्यात मेले, पण पाण्याचा अहवाल चांगला

तक्रार खेकड्यांची होती. खाडीच्या खोल भागातल्या सापळ्यांत ते मेलेले निघत होते, कडेच्या उथळ सापळ्यांत मात्र जिवंत. मासे मेलेले कुठेच दिसत नव्हते. पाण्याचा अहवालही चांगला आला होता. सगळ्यांचा संशय विषारी सांडपाण्यावर होता. पण तसं असतं तर मासेही मेले असते. ऑक्सिजन कमी झाला तर मासा निघून जातो. सापळ्यातल्या खेकड्याला ती सोय नाही, आणि गाळात रुतून राहणाऱ्या शिंपल्यांना व कृमींनाही नाही.

आधीचे नमुने घेतले होते पृष्ठभागाजवळ आणि तळापासून १ मीटर वर. मेख तिथेच होती. उन्हाने तापलेलं वरचं पाणी हलकं, खालचं थंड आणि जड. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. वर प्लवकांमुळे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींमुळे, ऑक्सिजन भरपूर. तेच प्लवक मरून खाली पडलं की ते कुजवताना जिवाणू खालचा ऑक्सिजन संपवतात. ऑक्सिजन लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की हायपॉक्सिया (ऑक्सिजनची टंचाई) म्हणायची रीत आहे, पण कित्येक कवचधारी जिवांचे हाल त्याआधीच सुरू होतात. सगळ्यात टंचाई असते ती गाळाला टेकलेल्या शेवटच्या वीतभर पाण्यात, आणि मीटरचा प्रोब तिथवर सहसा कोणी नेत नाही. गाळात रुतेल, ही भीती.

म्हणून आम्ही कोअर, म्हणजे गाळाचा उभा नमुना, काढला. पारदर्शक नळी गाळात सरळ उतरवली की गाळावरचं पाणी न ढवळता गाळासकट वर येतं. त्या पाण्याने ऑक्सिजन मोजायची विंक्लरची बाटली बुडापासून, बुडबुडा येऊ न देता भरली आणि थोडी ओसंडू दिली. मँगेनस सल्फेट घातलं, मग अल्कली-आयोडाइड. ऑक्सिजन असेल तर बाटलीत बसणारा साका तपकिरी होतो. आमचा पांढराच राहिला. टायट्रेशन पुढे रीतसर केलं, पण उत्तर बाटलीतच दिसत होतं. त्याच जागी १ मीटर वरून घेतलेल्या पाण्याचा साका मात्र तपकिरी झाला होता.

गाळही तेच सांगत होता. निरोगी गाळाचा वरचा थर तपकिरी असतो, आणि बिळांच्या भिंतींना तोच रंग खालपर्यंत उतरलेला दिसतो. इथे काळा रंग थेट वरपर्यंत आला होता. सडक्या अंड्यांचा वास येत होता, आणि पृष्ठभागावर बेगियाटोआ जिवाणूंची पांढरी लव होती. सल्फाइडवर जगणाऱ्या या जिवाणूंना थोडा ऑक्सिजन किंवा नायट्रेट लागतं. म्हणजे तळ पूर्ण बंद झाला नव्हता, अधूनमधून काहीतरी पोचत होतं.

मग ०.१ चौरस मीटरचा व्हॅन व्हीन ग्रॅब, म्हणजे तळाचा गाळ जबड्यात पकडून आणणारं यंत्र, टाकला. शेवटचे काही मीटर तो सावकाश सोडायचा. वेगाने सोडला तर त्याने ढकललेलं पाणी वरचा सैल गाळ उडवून लावतं, आणि लहान जीव नेमके तिथेच असतात. जबड्यात शिंपल्याचा तुकडा अडकला तर वर येईपर्यंत गाळ धुऊन जातो. असा नमुना टाकून द्यायचा, मन मोठं करून ठेवायचा नाही. ०.५ मिलिमीटरच्या चाळणीवर पाण्याचा जोर हलका ठेवला, नाहीतर कृमी तुटतात. तुटलेच तर फक्त डोकी मोजायची. उरलेलं बोरॅक्स घातलेल्या फॉर्मॅलिनमध्ये, जीव गुलाबी होऊन उठून दिसावेत म्हणून ‘रोज बेंगॉल’ नावाच्या रंगासह.

चाळणीवर केसासारखे बारीक लाल कॅपिटेला कृमी, कमी ऑक्सिजनच्या गाळातही तगणारे, पुष्कळ होते, बाकी जवळजवळ काही नाही. शिंपले होते, पण उघडे: दोन्ही शिंपा बिजागरीला धरून, आत मांसाचा अंश. बिजागरीचा पट्टा कुजून शिंपा सुट्या व्हायला वेळ लागतो. मरण ताजं होतं.

काळा गाळ उपसून टाकावा, अशी सूचना लगेच आली. आम्ही विरोध केला. ढवळल्याने साठलेलं सल्फाइड पाण्यात उतरतं आणि उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतं. शिवाय ऑक्सिजन गेल्यावर लोहाला चिकटलेलं फॉस्फेट आधीच गाळातून सुटत असतं, त्यावर पुढचं प्लवक पोसलं जातं. उपाय वरूनच करायला हवा: येणारं नायट्रोजन-फॉस्फरस कमी करणं. तोवर सापळे उथळ भागात हलवायला सांगितलं, आणि लोखंडी चौकटीवर ऑक्सिजनची सतत नोंद ठेवणारा लॉगर बसवला, सेन्सर गाळापासून १५ सेंटिमीटरवर. सेन्सरवर शेवाळ धरतं, म्हणून पुसणारा ब्रश असलेलाच घेतला.