ओव्हन येईपर्यंत

जुन्या ओट्यावर पहिला घण पडला, त्या दिवशी आमच्याकडे चार वस्तूंची पावती होती आणि घरात वस्तू एकही नव्हती. हॉब म्हणजे ओट्याच्या दगडात बसवायची शेगडी, चिमणी, कपाटात बसणारा बिल्ट-इन ओव्हन आणि डिशवॉशर. दुकानातला मुलगा म्हणाला होता, "दोन ते तीन आठवडे, मॅडम." आम्हाला त्यातले दोनच ऐकू आले. सासूबाई म्हणाल्या, "आधी वस्तू घरात येऊ द्या, मग फोडा." हे त्या एकदाच म्हणाल्या. पुढच्या ११ आठवड्यांत त्यांनी ते वाक्य पुन्हा काढलं नाही, हे जास्त लागलं.

पहिले तीन आठवडे काहीच आलं नाही. घाई वाटली नाही, कारण प्लंबिंग, वायरिंग, टाइल्स ही कामं चालूच होती. स्वयंपाक बाहेरच्या खोलीत एका टेबलावर, एका इंडक्शन शेगडीवर. भांडी बाथरूममध्ये. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

चौथ्या आठवड्यात मी रोज फोन करायला लागले. "कधी येणार?" "पुढच्या आठवड्यात." हे सहा वेळा झाल्यावर लक्षात आलं की त्या मुलाला तारीख माहीतच नाही, तो मला बरं वाटावं म्हणून बोलतोय. मग मी प्रश्न बदलला. "वस्तू आत्ता, या क्षणी, कुठे आहे? तुमच्या गोदामात, कंपनीच्या गोदामात, की अजून बाहेरून यायचीय?" यावर त्याला उठून बघावं लागलं. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला : चारांपैकी तीन वस्तू त्यांच्याच गोदामात दोन आठवड्यांपासून पडून होत्या! ऑर्डर देताना नवऱ्याने "सगळं एकदमच पाठवा, दोनदा हमाली नको" असं सांगितलं होतं. ओव्हन यायचा होता, म्हणून बाकीचे तिघे त्याची वाट बघत बसले होते.

ऑर्डर फोडून घेतली. दोन दिवसांत हॉब आणि चिमणी आली. डिशवॉशर मात्र मीच थांबवला. घरात टाइल कापल्याची धूळ, त्यात कुठे ठेवायचा, म्हणून म्हटलं तीन आठवडे तुमच्याकडेच राहू दे. शहाणपणाच होता तो, पण अर्धवट. मी हे फोनवर सांगितलं, लिहून घेतलं नाही. तीन आठवड्यांनी कळलं की तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला गेला. "तुम्हाला तेव्हा नको होता ना," असं उत्तर मिळालं, आणि वाईट म्हणजे ते खोटं नव्हतं. तेव्हापासून फोन ठेवला की पाच मिनिटांत मेल : "आत्ता बोलल्याप्रमाणे..." अमुक वस्तू, पूर्ण मॉडेल नंबर, आमच्या नावावर राखून ठेवली आहे, अमुक तारखेला पाठवणार. कोणी उत्तर दिलं नाही तरी चालतं, तारीख पडते.

दुसरी चूकही माझीच. चिमणीचा खोका न उघडता कपाटामागे सरकवून ठेवला. बसवायची वेळ आली तेव्हा उघडला, तर पुढच्या काचेखालच्या पत्र्याला पोचा. खोका बाहेरून धड होता. तक्रारीची मुदत कधीच संपलेली. बरंच भांडून पत्रा बदलून मिळाला, पण त्यात आणखी १५ दिवस गेले. वस्तू लवकर आली तर बसवायची घाई नको, उघडून बघायची घाई मात्र हवी. फोटो काढायचे, थर्माकोल परत लावायचा आणि खोका बंद करायचा.

आता खरा गुंता. स्वयंपाकघराच्या कामात एकाचं काम दुसऱ्यावर अडतं. दगडवाला म्हणाला, हॉब हातात दिल्याशिवाय ग्रॅनाइटला भोक पाडणार नाही. बरोबरच होतं त्याचं, चुकीचं कापलेलं प्लायवुड बदलता येतं, दगड नाही. सुतारकाका म्हणाले, ओव्हन बघितल्याशिवाय उभं कपाट बंद करणार नाही. प्लंबर म्हणाला, डिशवॉशर येईल तेव्हा बोलवा. आणि तिघेही दुसऱ्या कामांवर निघून गेले. वस्तूला उशीर झाला की वस्तूपेक्षा माणसं परत मिळवायला जास्त दिवस लागतात, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

एका रात्री बसून कागदावर यादी केली : कोणत्या कामाला वस्तू समोर हवी, आणि कोणत्या कामाला तिचं नुसतं माप पुरतं. समोर हवी असं काम निघालं एकच, ग्रॅनाइटचं भोक, आणि हॉब तर घरात आलेला होता. बाकी सगळं मापावर होणारं. कंपन्या प्रत्येक मॉडेलचं इन्स्टॉलेशन ड्रॉइंग, म्हणजे बसवायच्या मापांचा आराखडा, देतात. फक्त मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत टाकावा लागतो, कारण शेवटचं अक्षर कधी रंग सांगतं, तर कधी वेगळं माप.

ओव्हनचं ड्रॉइंग उघडलं आणि पोटात गोळा आला. ओव्हन "६० सेंटिमीटरचा" म्हणतात, पण ते ६० म्हणजे कपाटाची बाहेरची रुंदी. ओव्हनचं तोंड साधारण ५९.५, आणि जो भाग आत जातो त्याला कपाटाची आतली रुंदी ५६ च्या आसपास लागते. १८ मिलिमीटरचं प्लायवुड दोन्ही बाजूंना धरलं की ६० मधून ३.६ गेले, राहिले ५६.४. हिशोब चोख बसतो. आमच्या सुतारकाकांनी मात्र "साठचा ओव्हन" ऐकून आतून ६० ठेवलं होतं. ओव्हन वेळेवर आला असता तर त्या भोकात आरपार सरकला असता, कारण कडेला त्याला धरायला काहीच नव्हतं.

काकांना ड्रॉइंग दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, टेप लावली, पुन्हा लावली. "ताई, हे आधी दिलं असतं तर?" म्हणाले. मी गप्प बसले. दोन्ही बाजूंना पट्ट्या टाकून त्यांनी माप आणलं. मागची फळी बसवू दिली नाही, कारण ड्रॉइंगमध्ये मागून हवा खेळती ठेवायला सांगितलं होतं, आणि आमचा १६ अँपिअरचा सॉकेट तर नेमका ओव्हनच्या पाठीमागे काढलेला. तो शेजारच्या कपाटात हलवला. मागे सॉकेट असला की प्लग ओव्हनच्या पाठीला टेकतो आणि ओव्हन तेवढा बाहेर राहतो, शिवाय काही बिघडलं तर अख्खा ओव्हन ओढून काढल्याशिवाय प्लग काढता येत नाही. टाइल लावून झाल्यावर हे करावं लागलं असतं तर मी रडले असते. ओव्हन लांबला म्हणून हे सगळं वाचलं, पण हे मी दुकानदाराला कधीही सांगणार नाही.

डिशवॉशरच्या बाबतीत त्यांनी बदली मॉडेल देऊ केलं. "सेम साइज, मॅडम." सेम साइज यावर मी आता विश्वास ठेवत नाही. ड्रॉइंग मागवलं. रुंदी तीच, पण पाय पूर्ण वर घेतले तरी उंची आधीच्यापेक्षा जास्त. अशी मशीन बहुतेक ८२ सेंटिमीटरच्या आसपास सुरू होतात आणि पाय फिरवून चार-पाच सेंटिमीटर वर जातात, म्हणून ओट्याच्या खालून जमिनीपर्यंत किती जागा आहे हे महत्त्वाचं. जमीन म्हणजे टाइलवरची जमीन, आणि टाइल मशीनच्या खालीही हवी. पुढेच टाइल घातली तर मशीन एकदा आत गेलं की त्या उंबऱ्यामुळे बाहेर निघत नाही. आमच्याकडे खालपर्यंत टाइल होती, जागा दीड सेंटिमीटर शिल्लक होती. हो म्हटलं, पण मेलमध्ये तीन गोष्टी लिहून : किंमत वाढणार नाही, बसवून चालू झाल्याशिवाय उरलेले पैसे देणार नाही, आणि अमुक तारखेपर्यंत आलं नाही तर रद्द करून पैसे परत. तारीख घातल्यावर दुकानाचा सूर बदलला. नवव्या आठवड्यात मशीन आलं.

त्याआधी एक प्रसंग घडून गेला होता. प्लंबरने "मशीन येणारच आहे" म्हणून सिंकखालच्या ट्रॅपवर, म्हणजे सांडपाण्याच्या वाकड्या नळीवर, डिशवॉशरच्या पाइपसाठी असलेलं तोंड आधीच उघडून ठेवलं होतं. मशीन आलं नाही, तोंड उघडंच. सिंक वापरायला सुरुवात केली त्या दिवशी पाणी खालच्या नव्याकोऱ्या कपाटात. त्याला लावायचं टोपण हातभर लांब पिशवीत पडलेलं सापडलं. वस्तू नसेल तर तिच्यासाठी काढलेलं प्रत्येक टोक बंद करून घ्या, पाण्याचंही आणि विजेचंही.

ओव्हनचं काय? "जहाज लेट आहे." मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन हे जहाज सहा दिवस आडवं अडकलं, तेव्हा आम्ही त्याच्यावरचे विनोद एकमेकांना पाठवत होतो. आता तसलं कोणतं तरी जहाज आमचं होतं, आणि एकही विनोद सुचत नव्हता. मध्येच दुकानाने शोरूममधला मांडलेला नग देऊ केला. नवरा तयार, मी नाही. आमचं त्यावरून दोन दिवस वाजलं. शेवटी मी विचारलं की त्याची वॉरंटी नव्या वस्तूसारखी पूर्ण लिहून देता का. दिली नाही, विषय संपला. वॉरंटीवरून आठवलं : हॉब घरात नुसता पडून होता, तरी कार्डावर तारीख बिलाचीच. भांडून ती इन्स्टॉलेशनची करून घेतली. सगळीकडे असं होईल असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

अकराव्या आठवड्यात ओव्हन आला. दोघे जण खोका दारात टेकवून सही मागायला लागले, खाली गाडी थांबलीय म्हणाले. मी आधी स्टिकरवरचा मॉडेल नंबर पावतीशी जुळवला, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग खोका उघडायला लावला. ते वैतागले. काच, कोपरे, दार, मागचा पत्रा बघितला, मग सही केली. सुतारकाका योगायोगाने त्या दिवशी मोकळे होते. ओव्हन पट्ट्यांमध्ये सरकला, कडेला बोटभरही फट नाही, दोन स्क्रू, झालं. एवढ्यासाठी ११ आठवडे.

संध्याकाळी सासूबाई नव्या स्वयंपाकघरात कमरेवर हात ठेवून उभ्या. ओव्हनच्या रिकाम्या कोनाड्यात मधल्या काळात त्यांनी स्वतःचे डबे, औषधं आणि रद्दी लावली होती, खालच्या फळीवर छान फडकं घालून. ते सगळं आता जेवणाच्या टेबलावर होतं.

"ओव्हन आला ते ठीक," त्या म्हणाल्या, "पण माझं कपाट कुठे गेलं?"