कपाळाचा बुक्का

वारीतलं लोणंद कसं गेलं ते मला सांगता येणार नाही. नीरा स्नान आठवतं, कारण पादुका पाण्यात उतरल्या तेव्हा शेजारच्या बाईनं माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत तिची बोटं उमटलेली होती. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण आठवतं ते नुसत्या धुळीनं, अश्व मला दिसलाच नाही. तरडगावला झोप नाही, तंबूत कुणीतरी रात्रभर खोकत होतं. पण तरडगाव ते फलटणची ती दुपार मात्र मिनिटामिनिटानं आठवते, आणि मी लिहायला बसलेय ते तिच्यासाठीच.

अण्णा, म्हणजे माझे वडील, 19 वाऱ्या चालले. विसाव्या वारीत त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली फोड आला आणि तो त्यांना कळलाच नाही. कारण त्यांना 12 वर्षांपासून शुगर होती. रक्तात साखर सतत वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू मरतात, आधी मुंग्या येतात आणि मग काहीच येत नाही, दुखतही नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो. फोड फुटला, जखम झाली, ती मोज्याला रक्त दिसल्यावर समजली. तेव्हा दिंडीतल्या एका जुन्या माणसानं सांगितलं की माउलीचा बुक्का लावा, वारीत कुणाचं वाईट होत नसतं. अण्णांनी लावला. पंढरपूरपर्यंत रोज लावला, घरी आल्यावर पण आठ दिवस लावला, आणि मला दाखवला तेव्हा अंगठा काळा होता आणि तो बुक्क्यानं काळा नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक नायलॉनचा बारीक ताठ दोरा त्यांच्या तळव्याला ठिकठिकाणी टेकवला आणि डोळे मिटून सांगा म्हणाले, कळतंय का. अण्णा म्हणाले, तुम्ही सुरू करा मग सांगतो. डॉक्टर दहा ठिकाणी टेकवून झाले होते.

आधी अंगठा काढला, मग गुडघ्याच्या खाली पाय. त्यानंतर दोन वर्षं होते ते. त्यांनी एकदाही विठ्ठलाला बोल लावला नाही, रोज हरिपाठ तसाच, खाटेवर बसून. बोल लावला तो मी. मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते, आणि त्या दोन वर्षांत मी देवळाची पायरी चढले नाही, घरात आरती सुरू झाली की मागच्या दारी जाऊन बसायचे. शेवटच्या आठवड्यात अण्णा एवढंच म्हणाले, एकदा जाऊन ये, माझ्यासाठी नको, बघून ये नुसती. म्हणून गेले.

स्टाफरूममध्ये एका सरांनी विचारलंच, मॅडम तुम्ही विज्ञान शिकवता, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, अंनिसच्या, कार्यक्रमांना पोरं घेऊन जाता, आणि वारी? हा प्रश्न साताऱ्यात जरा जास्त टोचतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या ती बातमी आली तेव्हा मी वर्गात होते. त्यांच्या अंनिसची भूमिका देवाधर्माला विरोध अशी कधीच नव्हती, देवाच्या नावावर माणसाला फसवण्याला, लुबाडण्याला विरोध होता. मला ते पटत होतं आणि तरी सरांना उत्तर देता आलं नाही.

तर ती दुपार. सुरवडी मागं पडलं होतं, निंभोरेचा ओढा अजून आला नव्हता. आषाढ असून आभाळात ढगाचा तुकडा नाही. सह्याद्री सगळा पाऊस स्वतःवर घेतो, महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलीमीटरच्या पुढं आणि इकडं फलटणला जेमतेम 500च्या आसपास, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात, हे मी फळ्यावर डोंगर काढून किती वेळा शिकवलंय, पण त्या दिवशी ते पायांनी शिकले. डांबर तापलेलं. डाव्या टाचेला सकाळपासून काहीतरी घासत होतं, तिकडं दुर्लक्ष केलं, मग उजव्या तळव्यालाही सुरू झालं, आणि दिंडीतले टाळ एका लयीत पडत असताना माझं पाऊल त्या लयीत पडेना. त्याचा इतका राग आला मला, टाळांचा, पुढच्या बाईच्या डोक्यावरच्या तुळशीचा, माउली माउली म्हणून मागून ढकलणाऱ्या पोरांचा. एक जण मोठ्यानं म्हणाला, चला ताई, थांबलं की पाय जास्त दुखत्यात, आणि मला त्याला मारावंसं वाटलं. शेवटी एका लिंबाखाली बसले आणि दिंडी पुढं गेली.

मोजा काढला. टाचेवर रुपयापेक्षा मोठा फोड, पाण्यानं टम्म. मी त्याच्याकडं बघत राहिले. दुखत होतं, चांगलंच दुखत होतं, आणि मला एकदम वाटलं की हे दुखणं अण्णांना मिळालं असतं तर ते वाचले असते. मग मात्र मला आवरेना.

तिथं शेजारी एका दुसऱ्या दिंडीचा ट्रक थांबला होता, चहाचं आधण चाललेलं. तिथून एक म्हातारा आला, सत्तरीच्या पुढचा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. माझ्यासमोर उकिडवा बसला, पायाला हात न लावता नुसता बघत राहिला आणि म्हणाला, "पोरी, शुगर हाय का तुला?"

मी रडत होते आणि मला वाटलं चुकीचं ऐकलं. "काय म्हणालात आजोबा?"

"शुगर, शुगर. साकर. असंल तर मी हात लावनार न्हाय, ॲम्बुलन्स मागंच हाय, त्यांना बोलावतो."

नाही म्हणाले. दोन महिन्यांपूर्वी तपासलीय म्हणाले. कधी, किती आली, जेवणाआधी की नंतर, सगळं विचारलं त्यानं. मग उठून हात साबणानं धुऊन आला, टोपीच्या कडेला खोचलेली सुई काढली, स्टोव्हच्या जाळात लाल होईस्तोवर धरली, थंड होऊ दिली. फोडात दोरा ओवून ठेवायची पद्धत असते वारीत, त्यानं दोरा काढला तसा मी म्हणाले आजोबा दोरा नको, दोऱ्यावरून घाण आत जाते. त्यानं वाद घातला नाही. "बरं, न्हाय ठेवत," एवढंच. फोडाच्या कडेला दोन ठिकाणी टोचलं, पाणी स्वच्छ फडक्यानं हळूहळू दाबून काढलं, वरची कातडी तशीच राहू दिली. "हिला काडू नगंस. आतली कोवळी असती, हीच तिचं पांघरुन."

मग चहा दिला. पाण्याची बाटली दिली. आणि निघताना कमरेच्या पिशवीतनं बुक्क्याची डबी काढली. माझं अंग आकसलं. मी पाय मागं घेतला, अगदी झटक्यात, आणि त्याला ते दिसलं. क्षणभर थांबला तो. मग बोट बुडवून माझ्या कपाळाला लावलं आणि म्हणाला, "ह्यो कपाळाला. पायाला न्हाय. पायाला डाक्टर."

मी विचारलं, तुम्हाला हे कुणी सांगितलं. तो म्हणाला, आमच्या गावातल्या एकाचा पाय गेला, त्यालाबी मीच बुक्का दिलता.

पुढं तो काही बोलला नाही. कप विसळला आणि ट्रकच्या मागं गेला. नाव मी विचारलं नाही, वारीत सगळे माउलीच.

फलटणला विमानतळावर मुक्काम. तळ केवढा मोठा असतो ते माहीतच आहे सगळ्यांना.

त्याच रात्री की बरडला, दिवस आता एकमेकांत मिसळलेत, तंबूबाहेर आमच्या दिंडीतले एक निवृत्त गृहस्थ मोबाइलवर आलेलं वाचून दाखवत होते. तुळस चोवीस तास ऑक्सिजन देते म्हणून बायका डोक्यावर घेतात. आणि सूर्य फिरत नाही हे माउलींनी ज्ञानेश्वरीत 1290 मध्ये लिहिलं, कोपर्निकसचं पुस्तक आलं 1543 ला, म्हणजे बघा. सगळे माना डोलावत होते. मी उठले. तुळस पण रात्री इतर झाडांसारखीच ऑक्सिजन घेते, प्रकाशाशिवाय प्रकाशसंश्लेषण होत नाही, हे माझं आठवीचं पोर सांगेल. आणि सूर्य फिरत नाही कसा, तो आपल्याला सगळ्यांना घेऊन आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला 200च्या वर किलोमीटर वेगानं चाललाय, एका फेरीला 20 कोटींच्या वर वर्षं लागतात. ते गृहस्थ दुखावले. म्हणाले, मग तुम्ही इथं कशाला आलात? माझा आवाज चढला होता हे खरं, आणि ते वयानं मोठे होते, त्याची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली, पण जे बोलले ते मागं घेतलं नाही.

झोप येईना म्हणून अण्णांची पोथी काढली, बॅटरीच्या उजेडात चौथा अध्याय. ती सूर्याची ओवी आहेच. पण तिच्या जरा अलीकडं नावेची आहे. नावेत बसलेल्याला काठावरची झाडं पळताना दिसतात, नीट पाहिलं की कळतं झाडं जागेवरच आहेत. मी थबकले, कारण ही नाव मी दरवर्षी वर्गात सांगते! आर्यभटानं 499 च्या सुमारास हाच दाखला दिलाय, नावेतल्या माणसाला काठ मागं जाताना दिसतो तसे आपल्याला तारे पश्चिमेला जाताना दिसतात, कारण फिरतेय पृथ्वी. नाव तीच. आर्यभटाला तारे का सरकतात हे शोधायचं होतं. माउलींना सांगायचंय की कर्म करत असूनही मी करतोय हा भाव सुटलेला माणूस कसा असतो. माउलींना कोपर्निकसच्या आधी नंबर लावायचाच नव्हता, आणि आपण त्यांना त्या रांगेत उभं करतो तेव्हा ते जे खरंच सांगत होते ते ऐकायचं राहून जातं. आणि आर्यभटाचं खरं की खोटं हे तपासायला पोथी उपयोगाची नाही, तिथं आभाळच बघावं लागतं.

पोथीत त्या पानात बुक्क्याचा डाग होता, अण्णांच्या अंगठ्याचा. हाताच्या.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी हरिपाठ झाला की मी बायकांच्या तंबूत विचारायला लागले, शुगर कुणाला आहे? पहिल्या दिवशी दोघी बोलल्या, तिसऱ्या दिवशी नऊ. बॅटरी घेऊन एकेकीचे पाय बघायचे. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या. मग डोळे मिटायला सांगून पायाच्या बोटांना हलकं बोट लावायचं आणि विचारायचं, कुठल्या बोटाला लावलं. पाय बघायला वाकले की बायका घाईघाईनं माझ्याही पायाला हात लावायच्या, वारीत कुणी पायाशी वाकलं की आपणही वाकायचं असतं ना. पहिल्यांदा मी सांगायचे, अहो नमस्कार नाही, तपासतेय. नंतर सांगायचं सोडलं.

माणदेशातल्या एक मावशी होत्या, 14 वर्षं वारी करणाऱ्या, पायात साध्या प्लॅस्टिकच्या चपला. शुगर आहे, गोळी कधी घेते कधी नाही. त्यांना म्हणाले मावशी डोळे मिटा. त्यांनी मिटले, हात जोडले, तोंडानं ज्ञानोबा माउली तुकाराम सुरू. मी एकेका बोटाला हात लावत गेले. अंगठा, मधलं, करंगळी. मग दुसरा पाय. त्यांचं नाव घेणं चालूच.

थोड्या वेळानं मावशी तशाच डोळे मिटून म्हणाल्या, "लाव की गं, कवाधरनं बसलेय."

माझं बोट त्यांच्या अंगठ्यावर होतं.

सकाळी दिंडी निघाली तेव्हा आम्ही दोघी आरोग्य पथकाच्या रांगेत होतो. मावशी चिडल्या होत्या, रथ चुकला म्हणून.