दिग्दर्शकाच्या रकान्यात दोन नावं

करारावर सह्या होऊन दोन महिने झाले, तरी निर्मिती संस्थेच्या कार्यालयाचा नंबर मोबाइलवर दिसला की अजून माझ्या पोटात गोळा येतो. मालिकेचे दिग्दर्शक म्हणून आम्हा बहीणभावाची दोन्ही नावं लागायला साडेचार महिने गेले, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे. भावाबहिणींनी मिळून फिल्म किंवा मालिका करायची ठरवली असेल, तर त्यांचे साडेचार महिने तरी वाचावेत.

मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून दिग्दर्शन करतो. एक लिहितो आणि दुसरा शूट करतो, असं आमचं नाही. लिहायला दोघं, सेटवर दोघं, एडिटला दोघं. सुरुवात कॉलेजच्या एकांकिकांपासून झाली. सांगलीत वाढलेल्या पोरांना याचं नवल वाटत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ इथंच उभं केलं, आणि ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन आमच्या घरी सणासारखा पाळतात. पुढं लग्नांची शूटिंग केली, त्या पैशांतून कॅमेरा घेतला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या घरातही पाणी शिरलं. माळ्यावर बसून धाकट्यानं मोबाइलवर जे टिपलं आणि मी वहीत जे लिहिलं, त्यातून पहिला लघुपट झाला. त्याच गोष्टीची आठ भागांची मालिका करायला मुंबईतली एक निर्मिती संस्था तयार झाली.

गोष्ट निवडली गेली, नमुन्याचा भाग पसंत पडला, बजेट ठरलं, घाटावर आणि पेठेत चित्रीकरणाच्या परवानग्या मिळाल्या. यातलं काही सांगण्यासारखं नाही, सगळं वेळेत झालं.

अडकलं ते एका पानावर. करार करायच्या आधी भरून द्यायचा फॉर्म होता. दिग्दर्शकाचं नाव, पॅन, बँक खातं, सोबत कॅन्सल्ड चेक. नावाला एक रकाना. आम्ही त्यात दोघांची नावं मध्ये ‘आणि’ घालून लिहिली, दोन पॅन जोडले, दोन चेक जोडले. आठ दिवसांनी उत्तर आलं, ‘कृपया एकच नाव द्यावे.’

मी फोन केला. अकाउंट्सवाले म्हणाले, सिस्टिम एका वेंडर कोडला, म्हणजे ज्याला पैसे द्यायचे त्याच्या नोंदीच्या क्रमांकाला, एकच पॅन घेते, तुम्ही लीगलशी बोला. लीगलवाले म्हणाले, अकाउंट्सनं कोड दिल्याशिवाय आम्ही कराराचा मसुदा काढत नाही. असे तीन आठवडे गेले. मग लीगलमधून एक तोडगा आला. दिग्दर्शक म्हणून भावाचं नाव लावू, आणि मॅडमना असोसिएट डायरेक्टर म्हणून घेऊ.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. या धंद्यात पुढचं काम मिळतं ते मागच्या नावावर. असोसिएट म्हणजे दिग्दर्शकाच्या हाताखाली काम बघणारा माणूस. ते काम मोठ्या कष्टाचं असतं, मी दोन मालिकांवर केलेलं आहे. पण ही मालिका मी असोसिएट म्हणून केलेली नाही.

आम्ही रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली, सकाळी दादरला उतरलो आणि अंधेरीला गेलो. साडेदहाची वेळ दिलेली होती, आत बोलावलं चार वाजता. समोरच्यांनी पहिलाच प्रश्न भावाला केला, “सर, नक्की कोण काय करतं? टक्केवारीत सांगता येईल का?” मग माझ्याकडे न बघता, “मॅडम साधारण कॉस्च्युम वगैरे बघतात का?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटा म्हणाला, “ताईनं लिहिलेल्या सीनवर मी उभा राहतो आणि मी लावलेल्या फ्रेममध्ये ती नटांना उभं करते. टक्के कसे काढू?”

मी त्यांना आमचा एक प्रसंग सांगितला. पूर ओसरल्यावर आई उलथन्यानं भिंतीवरचा गाळ खरवडते आहे, आणि आजोबांच्या फोटोच्या खुणेपाशी येऊन थांबते. फोटो वाहून गेलाय, खिळा आणि चौकोनी डाग उरलाय. हा प्रसंग कुणाला सुचला? मला आठवतं की उलथनं त्याचं आणि डाग माझा. तो म्हणतो, नेमकं उलटं. आईला विचारलं तर ती म्हणते, हे मी खरंच केलं होतं, तुम्हा दोघांनाही काही सुचलेलं नाही. यातून एक टक्का तरी वेगळा काढून दाखवा, असं मी म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं, ‘कळवतो.’

कळवलं नाही.

इथंच एक सांगून ठेवते, कारण मला हे उशिरा कळलं. अशा ठिकाणी जे बोलणं होईल ते त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा. ‘आज आपल्यात असं ठरलं’ एवढ्या तीन ओळी पुरतात. पहिल्या भेटीनंतर मी हे केलं नाही, आणि दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा समोर नवीन माणूस होता. आमची फाइल त्याला पहिल्यापासून सांगावी लागली.

त्या दुसऱ्या खेपेला मी एक कागद करून नेला होता. जगभरात भावंडांनी मिळून काम केलंय, ते दाखवायला. बेल्जियमचे दार्देन बंधू, दोघांच्या नावानं कान महोत्सवात १९९९ आणि २००५ अशी दोनदा पाल्म दोर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, घेतलेले. टेलिव्हिजनवर डफर बंधू, जुळे, दोघं मिळून मालिका रचतात आणि दिग्दर्शितही करतात. आपल्याकडे अब्बास-मस्तान. आणि अमेरिकेतले कोएन बंधू, जोएल आणि ईथन. कोएनांचं उदाहरण मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण त्यांच्या बाबतीत हेच झालं होतं. १९८४ पासून काम दोघं करत होते, पण दिग्दर्शक म्हणून नाव जोएलचं आणि निर्माता म्हणून ईथनचं लागायचं. अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेचा नियम एका चित्रपटाला एकच दिग्दर्शक असा आहे, कायम जोडीनं काम करणाऱ्यांना त्यातून सूट मागावी लागते. दोघांचं नाव दिग्दर्शक म्हणून एकत्र लागलं ते २००४ साली. वीस वर्षं. मी म्हणाले, आमच्याकडे तसला नियमही नाही, तुमच्याकडे आहे तो फक्त एक रकाना.

उत्तर मिळालं, “मॅडम, ते मोठे लोक आहेत.”

मग मी कोल्हापूरचं सांगितलं. सांगलीपासून पन्नास किलोमीटरवर आनंदराव आणि बाबूराव पेंटर या मिस्त्री घराण्यातल्या दोघा चुलतभावांनी मिळून कॅमेरा बनवायला घेतला तेव्हा ते कुणी मोठे नव्हते. कॅमेरा पुरा होण्याआधीच आनंदराव गेले, बाबूरावांनी तो पूर्ण केला. तरी आज कोल्हापूरच्या सिनेमाची गोष्ट सांगताना माणसं दोन्ही पेंटरांची नावं घेतात. एवढं सांगूनही फाइल हलली नाही. हलली नाही ती तिसऱ्याच कारणानं. “तुम्ही सख्खी भावंडं म्हणता, मग आडनावं वेगळी कशी?”

माझं लग्न झालंय. पॅनवर सासरचं आडनाव आहे. पण एकांकिका, लघुपट, सगळं काम माहेरच्या नावानं झालंय आणि पडद्यावर मला तेच नाव हवं होतं. यासाठी विवाह नोंदणीचा दाखला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि ते नोटरी केलेलं, एवढं मागितलं. मागायला हरकत नाही. पण हे पहिल्या दिवशी सांगता आलं असतं, तीन महिन्यांनी नव्हे. लग्न झालेल्या बहिणींनी हे कागद पिशवीत आधीच ठेवावेत.

त्या रात्री परत येताना गाडीत धाकटा बराच वेळ गप्प होता. सातारा गेल्यावर म्हणाला, “ताई, तुझंच एकटीचं नाव जाऊ दे. मी असोसिएट होतो. मालिका तर होईल.” त्याच्या डोक्यात आईची तब्येत होती, घराचे हप्ते होते, हे मला कळत होतं. मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हणाले, आज तू मागं सरकलास तर पुढच्या कामात कुणी विचारायलाही येणार नाही, आणि दहा वर्षांनी आपल्या दोघांतच याचं काय होईल ते सांगता येत नाही. सांगली येईपर्यंत आम्ही पुन्हा बोललो नाही. घरी आल्यावर तो म्हणाला, “बरं, मग भांडूया.”

सुटलं ते सांगलीतच, विश्रामबागेतल्या ओळखीच्या वकीलकाकांकडे. त्यांनी सगळे मेल वाचले आणि विचारलं, “पैसे कुणाच्या नावावर जाणार आणि पडद्यावर कुणाची नावं लागणार, हे दोन प्रश्न तुम्ही एकत्र का सोडवताय?”

चार महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आम्हालाही सुचला नव्हता. सिस्टिमला एक पॅन हवा होता, एक माणूस नव्हे. काकांनी आमच्या दोघांची भागीदारी संस्था करायला लावली. मुद्रांकावर भागीदारी पत्र, त्यावर दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा, मग संस्थेचा पॅन, संस्थेचं बँक खातं. वेंडर कोड संस्थेच्या नावानं निघाला, चार दिवसांत.

आणि नावांसाठी करारात एक वेगळं कलम. ‘दिग्दर्शक’ या शब्दाचा अर्थ दोघंही संयुक्तपणे. दोघांची नावं एकाच कार्डावर, एकाच आकारात, एकाच वेळी. जाहिरातीतही तशीच. दोघांपैकी एकालाच कमी करायचं असेल तर दोघांची लेखी संमती. याला आधार म्हणून काकांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातली संयुक्त कर्तृत्वाची व्याख्या काढून दाखवली. ज्या कृतीत एका कर्त्याचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा नसतो, ती संयुक्त कृती. माझ्या उलथन्याचा आणि डागाचा प्रसंग कायद्यात आधीच लिहून ठेवलेला होता. मी ती ओळ तीनदा वाचली.

व्याख्या पटकथेला लागू होते, हे मात्र लक्षात घ्या. चित्रपटाच्या बाबतीत आपला कायदा कर्ता म्हणून निर्मात्याला धरतो, दिग्दर्शकाला नाही. म्हणून पटकथेची नोंद आधी आणि दोघांच्या नावानं करून घ्या. कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज होतो, साहित्यकृतीला ५०० रुपये फी आहे, डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळाल्यावर हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. आमचा अर्ज लघुपटाच्या वेळीच झाला होता आणि तिथं दोन नावं लिहायला काहीच अडचण आली नव्हती. ते प्रमाणपत्र पुढं केलं तेव्हा मुंबईतली टक्केवारीची भाषा बंद झाली. संयुक्त कृतीचे हक्क दोघांपैकी जो मागून जाईल त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतात, हेही तेव्हाच कळलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, असलं काही घरात बोलू नका.

संस्था काढताना सीएला नीट विचारा. भागीदारी संस्थेला पहिल्या रुपयापासून ३० टक्के आयकर लागतो, एकट्या माणसाला मिळते तशी सुरुवातीची सूट नसते. भागीदारांचं मानधन ठरावीक मर्यादेत खर्चात धरता येतं, पण ते भागीदारी पत्रात लिहिलेलं असावं लागतं. आमच्या पहिल्या मसुद्यात ते राहिलं होतं. संस्थेची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर कुणी पैसे बुडवले की कराराच्या आधारे संस्थेला दावा लावता येत नाही. या धंद्यात पैसे थकतात, म्हणून नोंदणी कराच.

हक्क लिहून देताना मुदत आणि प्रदेश कोरे ठेवू नका. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतो. लेखक म्हणून आपल्याला फायद्याचंच आहे, त्यामुळे समोरचे हे रकाने भरतातच. त्यांनी काय भरलंय ते वाचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर पटकथालेखकाला, चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीचा हक्क सोडून देता येत नाही, आणि सोडला असं लिहून घेतलं तरी ते टिकत नाही. आमच्या मसुद्यात तसं वाक्य होतं. काकांनी लाल पेननं खोडलं, समोरून कुणी हरकतही घेतली नाही.

कलम मान्य झालं त्या दिवशी अकरा वाजता फोन आला. मी हळदीच्या पेठेत लोकेशन बघत उभी होते. धाकट्याला फोन लावला तर तो आधीच ओरडत होता. मेल त्यालाही गेला होता, दोघांना एकाच वेळी, आणि त्यावर लिहिलं होतं ‘प्रिय दिग्दर्शक’ आणि खाली दोन नावं. माझं माहेरचं आडनाव बरोबर होतं.

सह्या करायला पुन्हा महालक्ष्मीनं गेलो. करार तेवीस पानांचा होता. प्रत्येक पानावर दोघांची सही घ्या, शेवटच्या पानावरच नको. आम्ही सेहेचाळीस सह्या केल्या. सतराव्या पानावर, जिथं ते कलम आहे, धाकट्यानं पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “इथं आधी तू कर.”