मुखवट्यामागचा तांब्याचा जोड

चोरलेल्या मूर्ती परदेशी संग्रहालयांनी परत केल्याच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण देवळांतल्या मूर्ती-मुखवट्यांच्या नोंदी करणं हे माझं काम, त्यामुळे मला वेगळाच प्रश्न छळतो: मूर्ती आपलीच, हे दाखवायचं कशाच्या जोरावर?

सातारा जिल्ह्यातल्या एका भैरवनाथाच्या देवळात गुरवआबांनी मला उंबऱ्यातच अडवलं. "फोटू न्हाई काडायचा, ताई. आज फोटू, उद्या सरकारची गाडी. मग जत्रंला पालखीत काय ठिवायचं?" मागं उभ्या असलेल्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या.

ही भीती मला गावोगाव भेटते. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात नोंद झाली तरी वस्तू मालकाकडेच राहते, हे मी सांगितलं. कुणावरही परिणाम झाला नाही. मग मी तमिळनाडूतल्या श्रीपुरंदनच्या नटराजाची गोष्ट काढली.

चोळांच्या काळातला तो पंचधातूचा नटराज 2006 मध्ये चोरीला गेला. देऊळ वापरात नव्हतं, कुलूप लावलेलं. चोरी झाल्याचं 2008 पर्यंत गावाला कळलंही नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं तो न्यूयॉर्कचा व्यापारी सुभाष कपूर याच्याकडून 50 लाख डॉलरहून जास्त मोजून घेतला. मूर्ती फार पूर्वीच भारताबाहेर गेल्याचे बनावट कागद सोबत होते. ते खोटे पाडले पुदुच्चेरीच्या फ्रेंच संशोधन संस्थेतल्या जुन्या फोटोंनी. संस्थेच्या लोकांनी 1994 साली देवळात जाऊन नटराज टिपून ठेवला होता. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी तो दिल्लीत भारताच्या हाती दिला.

आबा शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "मंग त्यो गावात आला का?"

नाही, त्याला कुंभकोणमच्या सरकारी मूर्ती-केंद्रात, कडेकोट बंदोबस्तात ठेवलं, असं मला सांगावं लागलं. आबांचा चेहरा पडला. खरं तर माझाही पडतो. "आमच्याकडे वस्तू सुरक्षित राहतात" असं परदेशी संग्रहालयं म्हणतात तेव्हा मला राग येतो, कारण त्यांच्या खरेदीवरच चोरांचं पोट चालतं. पण दिल्लीच्या विमानतळावर उतरलेला देव त्याच्या देवळापर्यंत पोचत नसेल, तर ती परतफेड अर्धीच, असं मी मानते. आपल्याकडचे खंडोबा-भैरवाचे पितळी मुखवटेही परदेशांतल्या संग्रहांत आहेत. त्यातले किती कुठल्या गावचे, हे सांगायला फोटोच नाहीत, हेही मी आबांना सांगितलं.

मग आबांनी पाटावर धडुतं अंथरलं आणि मुखवटा स्वतःच्या हातानं आणून ठेवला. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो झाले. उंची, रुंदी, वजन घेतलं. आम्हाला सर्वांत महत्त्वाच्या असतात त्या खुणा: झीज, भेग, डागडुजी, दुसऱ्या कुठल्याच मुखवट्यावर तशाच सापडायच्या नाहीत अशा.

"ह्ये बी घ्या," म्हणत आबांनी मुखवटा उलटा केला. डाव्या कानामागं तांब्याचा जोड होता, दोन रिवेट मारलेला. "माज्या आज्यानं तांबटाकडनं बसवून घेतलेला. पालखीतनं पडला हुता."

तो जोड मी शेजारी मोजपट्टी ठेवून जवळून टिपला. नोंदीची एक प्रत देवस्थानाच्या कपाटात आणि एक पोलीस ठाण्यात ठेवायचं ठरलं. तेवढ्यात मागच्यातला एकजण म्हणाला, "भाईर वीरगळ हायत, लढाईत पडलेल्या वीरांचं दगड, त्यांचं बी घ्या की."