बाटलीत मुरत नाही

वेलर १२ या अमेरिकन बर्बन व्हिस्कीची बाटली हातात आली की जाणकार आधी लेबल वाचत नाही. तो बाटली उजेडाकडे तिरपी धरतो आणि तळाजवळच्या काचेवर लेझरने उमटवलेली फिकट आकड्यांची ओळ शोधतो. सरळ बघितलं तर ती दिसतच नाही. सुरुवातीला इंग्रजी एल, मग दोन आकडे वर्षाचे, पुढचे तीन त्या वर्षातल्या दिवसाचे. एल२२१४५ असेल तर २०२२ चा एकशे पंचेचाळिसावा दिवस, म्हणजे २५ मे. त्या दिवशी ही बाटली भरली. त्यातून बारा वजा केले की २०१० चा मे. आतला सगळ्यात कोवळा थेंबसुद्धा त्याच्या आधीच पिंपात गेलेला असणार, कारण लेबलावर वय लिहायचं तर मिश्रणातल्या सगळ्यात लहान पिंपाचं लिहावं लागतं. तिथे सरासरी चालत नाही.

ही बाटली दुकानात सहजी मिळत का नाही, याचं अर्धं उत्तर त्या वजाबाकीतच आहे. आज रांगा लागल्या म्हणून आज दसपट दारू गाळली, तरी ती बारा वर्षं मुरल्याशिवाय वेलर १२ होत नाही. उरलेलं अर्धं उत्तर असं, की बारा वर्षांपर्यंत पोचणारं प्रत्येक पिंप आधी सहा-सात वर्षांचं असताना विकायचा मोह टाळलेला असतो, आणि पुढे पंधरा किंवा वीस वर्षांसाठी राखून ठेवायचा मोहही. बारा हा मधला मुक्काम आहे. दोन्हीकडून ओढाताण.

मुरणं हा शब्द इथे अगदी चपखल बसतो. नुसतं जुनं होणं आणि मुरणं यात काय फरक आहे, हे लोणचं घालणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. फोड, मीठ, मसाला यांची देवाणघेवाण व्हावी लागते. बर्बनची देवाणघेवाण लाकडाशी होते. अमेरिकन कायदा सांगतो की धान्यात मका निदान ५१ टक्के हवा, पिंप नवं, ओकचं आणि आतून जाळलेलं हवं, पिंपात भरताना अल्कोहोल ६२.५ टक्क्यांच्या वर नको, बाटलीत ४० च्या खाली नको. वरून रंग घालायचा नाही, स्वाद घालायचा नाही. भट्टीतून येते ती दारू पाण्यासारखी पांढरीशुभ्र असते. आपल्याकडे जिला पहिल्या धारेची म्हणतात तिच्याच जातीची. ग्लासात दिसतो तो सगळा तांबूसपणा लाकडाचा.

हे लाकूड जरा जवळून बघण्यासारखं आहे. पांढऱ्या अमेरिकन ओकच्या साधारण इंचभर जाड फळ्या. त्या वाकवून पिंप बांधतात आणि आतून आग लावतात. सगळ्यात कडक जाळणीला चौथा नंबर म्हणतात. ती मिनिटभराच्याही आत उरकते, पण तेवढ्यात लाकडावर मगरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची काळी साय धरते. हा कोळसा कच्च्या दारूतला उग्र, गंधकी वास ओढून घेतो. त्याच्या मागे एक तांबडा पट्टा असतो. तिथे आगीने लाकडातल्या साखरा करपून कॅरमेल झालेल्या असतात, लाकडातल्याच लिग्निन नावाच्या घटकाचं व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा सुगंध, झालेलं असतं. उन्हाळ्यात दारू फुगून त्या पट्ट्यात शिरते, थंडीत आकसून बाहेर येते. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात उन्हाळा कडक आणि हिवाळा बर्फाचा, त्यामुळे ही ये-जा दरवर्षी दणक्यात होते. तिथल्या फ्रँकफर्ट गावची बफेलो ट्रेस डिस्टिलरी, जिथे वेलर बनते, ती तर हिवाळ्यात गोदामं वाफेने गरम करते, म्हणजे थंडीतही काम थांबायला नको.

या येरझारीची किंमत असते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. पिंप जवळपास २०० लिटरचं. वर्षाला चार टक्के उडून जातात असं धरलं, तर बारा वर्षांनी १२२ लिटर उरतात आणि तेवीस वर्षांनी ७८. खरी तूट मजल्यावर अवलंबून. गोदामं सात-सात, नऊ-नऊ मजली. वरच्या मजल्यावर पत्र्याखाली भट्टी तापलेली, तिथे पाणी आधी उडतं आणि प्रूफ, म्हणजे अल्कोहोलचं माप, चढत जातं. तळमजल्यावर थंड, दमट, तिथे अल्कोहोल उतरतं. वीस वर्षं टिकायचं पिंप सहसा खालच्या मजल्यांवरचंच असतं. वर तेवढ्या काळात आत नुसता लाकडाचा काढा उरला असता. हवामानाचा हात किती मोठा, याचा नमुना २००६ च्या एप्रिलमध्ये मिळाला. बफेलो ट्रेसच्या सी गोदामाचं छप्पर आणि एक भिंत वादळात गेली, वरची पिंपं महिनोन्‌महिने ऊन खात बसली. पुढे त्यांची वेगळी बाटली काढली, आणि तिच्यावरही लोकांनी उड्या टाकल्या.

हाच हिशेब गोव्यात करून बघावा. कुंकळ्ळीच्या पॉल जॉन या व्हिस्कीच्या भट्टीत बर्बनचीच रिकामी पिंपं येतात, कारण अमेरिकेत ती दुसऱ्यांदा बर्बनसाठी वापरता येत नाहीत. कोकणपट्टीच्या उकाड्यात वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास तूट धरतात. बारा वर्षांत २०० लिटरचे ७४ सुद्धा उरत नाहीत. केंटकीत एवढी तूट व्हायला चोवीस-पंचवीस वर्षं लागतील. म्हणून आपल्याकडच्या सिंगल माल्ट व्हिस्कीवर वयाचा मोठा आकडा सहसा दिसत नाही, आणि दिसला नाही म्हणून नाक मुरडू नये.

आता वेलर १२ च का. बहुतेक बर्बनमध्ये मक्यानंतरचं दुसरं धान्य राय असतं, म्हणजे मोहरी नव्हे, गव्हाच्या जातीचं एक धान्य. राय म्हणजे मिरी, लवंग, झणका. वेलरमध्ये रायच्या जागी गहू. गहू स्वतः फार बोलत नाही, त्यामुळे लाकडाची गोडी पुढे येते. शिवाय पिंपात भरताना तिचं प्रूफ ११४, म्हणजे ५७ टक्के, कायद्याच्या मर्यादेपेक्षा बरंच खाली ठेवतात. पाण्याचं प्रमाण जास्त असलं की लाकडातल्या साखरा अधिक सुटतात. गव्हाची बर्बन वयाला चांगली सोसते असं शौकीन म्हणतात, ते उगाच नाही. पण बारा हे वय त्यातही नेमकं आहे. सात वर्षांच्या मालात मक्याचा कच्चा गोडवा अजून वर तरंगतो. वीसच्या पुढे तुरटपणा चढू लागतो, जांभळं खाल्ल्यावर जीभ कोरडी पडते तसा. लोणच्याची फोड जास्त मुरून बिलबिलीत होते तशी बर्बन जास्त मुरून लाकूड होते. तेवीस वर्षांच्या पॅपी व्हॅन विंकल बर्बनसाठी हजारो डॉलर मोजणाऱ्यांनी हे मनात कुठेतरी कबूल केलेलं असतं, उघड बोलत नाहीत इतकंच.

पॅपीचं नाव निघालं की हे घराणं सांगावंच लागतं. ज्युलियन व्हॅन विंकल, म्हणजेच पॅपी, १८९३ साली डब्ल्यू. एल. वेलर यांच्या पेढीत फिरता विक्रेता म्हणून लागला. पुढे तो धंद्याचा मालक झाला आणि १९३५ च्या केंटकी डर्बीच्या, म्हणजे तिथल्या घोड्यांच्या मोठ्या शर्यतीच्या दिवशी लुइव्हिलजवळ स्टिट्झेल-वेलर ही भट्टी सुरू झाली. १९७२ मध्ये ती कुटुंबाच्या हातून गेली, १९९२ मध्ये तिथलं गाळणं थांबलं. वेलर हे नाव १९९९ मध्ये बफेलो ट्रेसच्या मालकांकडे आलं, आणि २००२ पासून व्हॅन विंकल कुटुंबही त्यांच्याबरोबरच. म्हणजे आज वेलर आणि व्हॅन विंकल एकाच भट्टीतून, एकाच धान्याच्या मापाने निघतात. व्हॅन विंकलची बारा वर्षांची लॉट बी ४५.२ टक्के, वेलर १२ नेमकी ४५. वय तेच, गहू तोच. फरक पिंपांच्या निवडीचा. तो खरा आहे, पण बाजारभावात जो दिसतो तेवढा मुळीच नाही. वेलरची कंपनीने सुचवलेली किंमत चाळीस-पन्नास डॉलरच्या घरात, दुकानदार मात्र त्याच्या तिप्पट-चौपट सहज सांगतो. दुप्पट दिली तर ठीक, त्याच्या पुढे हात आखडावा. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात, जिथे दुकानं सरकारी आहेत, दुर्मीळ बाटल्यांची चक्क सोडत निघते. नाव घालून ठेवायला काही पडत नाही.

याच नात्यातून शौकिनांनी एक घरगुती तोड काढली आहे, तिला गरिबाची पॅपी म्हणतात. लाल लेबलची वेलर अँटिक, १०७ प्रूफ, सहा भाग. काळ्या लेबलची वेलर १२, चार भाग. पूर्ण बाटली करायची तर ४५० मिलि आणि ३०० मिलि. हिशेबाने ५०.१ टक्के येतं. अँटिक जोर देते, बारावाली वय देते. आधी ६० आणि ४० मिलि करून बघावं, सगळा माल एकदम ओतू नये. मिसळल्या मिसळल्या चाखलं की दोन्ही वेगवेगळ्या लागतात, आधी झणका आणि मागून लाकूड. बूच लावून दोन आठवडे ठेवली की सांधा बुजतो. प्रमाण उलटं केलं तर धार जाते, मग बारावालीच नुसती प्यालेली बरी. पंधरा वर्षांच्या पॅपीची बरोबरी होते का? नाही होत. पण पाहुण्याला न सांगता दिली तर पाहुणा फसतो.

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते या बाटल्या कपाटात पुरून ठेवण्यात. बरणीतलं लोणचं बरणीत मुरतं, बर्बन बाटलीत मुरत नाही. काचेला देण्यासारखं काही नसतं. २०२२ ला भरलेली बारा वर्षांची बाटली २०४२ ला उघडली तरी ती बारा वर्षांचीच. वाइनसारखी आडवीही ठेवू नये. एवढं अल्कोहोल बुचाला खातं आणि चव बिघडवतं. उभी, अंधारात, गॅसच्या शेगडीपासून लांब. जुनं बूच उघडताना तुटलंच तर घाबरायचं कारण नाही, कॉफीच्या फिल्टरमधून गाळून स्वच्छ बाटलीत घ्यावी. एक मात्र खरं, की उघडल्यानंतर हवा लागते. पहिला पेग अनेकदा बंद-बंद, नुसता अल्कोहोलचा वाटतो. पंधरा दिवसांनी तीच बाटली खुलते. एक तृतीयांश उरली की उलटं सुरू होतं, फळांचा वास जातो आणि पुठ्ठ्यासारखं काहीतरी उरतं. तेव्हा ती छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी किंवा चार माणसं बोलवावीत. दुसरा उपाय चांगला.

भारतात आणायची तर दोन लिटरची सूट आहे. म्हणजे ७५० मिलिच्या दोन बाटल्या, तिसरी आणली की सव्वादोन लिटर होतात आणि कस्टम्सच्या खिडकीशी थांबावं लागतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर आलं, पण शंभर टक्केही काही कमी नव्हे. बॅगेत ठेवताना बुचाभोवती चिकटपट्टी गुंडाळावी, मग प्लॅस्टिकची पिशवी, मग जीन्सच्या पायात. आणि महाराष्ट्रात घरी ठेवायची तर कायद्याने परवाना लागतो, हे बहुतेकांना पोलीस दारात आल्यावर आठवतं.

प्यायला घाई नको. खाली फुगीर आणि वर निमुळता ग्लास, त्यात ३० मिलि. ग्लासाला भांड्यांच्या साबणाचा वास नको, हे सांगायला नको पण सांगावं लागतं. दहा मिनिटं तसाच ठेवावा. वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवलं की अल्कोहोल नाकात चावत नाही. आधी येतो तो काकवीचा आणि व्हॅनिलाचा वास. मग भाजलेलं खोबरं. ते ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या वासाच्या द्रव्याचं देणं. थोड्या वेळाने खारीक, बेदाणे, जायफळ, आणि तळाशी जुन्या लाकडी कपाटाचं दार उघडल्यासारखं काहीतरी. पहिला घोट छोटा, तो जीभ तयार करायला. दुसरा तोंडात फिरवून, जवळजवळ चावून. गोडी मध्यभागी बसते, कडेने किंचित तुरटपणा आणि शेवटी उबदार कोरडेपणा. हिच्यात ४५ टक्केच असल्याने पाणी फार मागत नाही. घालायचं तर चार-पाच थेंब, चमच्याने. बर्फ घातला की लॅक्टोन-बिक्टोन सगळं झोपी जातं आणि नुसता थंड गोडवा उरतो, ज्यासाठी निम्म्या किमतीची हिरव्या लेबलची वेलर आहे. कोकचं तर नावच नको. झणझणीत मिसळीनंतर अर्धा तास काहीच कळत नाही. चकणा हवाच तर खारवलेले काजू किंवा भाजके बदाम.

रात्री ग्लास विसळू नये. तसाच ओट्यावर ठेवून द्यावा. सकाळी अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि तळाला चिकटलेला पुसट तांबूस डाग तेवढा उरतो. चहा टाकायच्या आधी त्यात नाक घालावं: गूळ, जळकं लाकूड, थोडं व्हॅनिला.