तुम्ही विचारलंत म्हणून: बोलावणारं कुणी नसताना परदेशी सेवेला जावं का?

उपासना सुटली की तरुण संघातलं कुणी ना कुणी मला गाठतं. नेपाळला सेवेसाठी जायचंय, पण तिथली एकही मंडळी, म्हणजे चर्च, ओळखीची नाही, कुणी बोलावलेलं नाही, तरी जाता येईल का? मी तिथे तशीच जाऊन राहून आले आहे, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. जा, पण दोघं-तिघंच जा, आणि सेवेचा कार्यक्रम आखून नेऊ नका. ज्यांना कुणी बोलावलेलं नाही त्यांचं तिथलं पहिलं काम म्हणजे कुणाचे तरी पाहुणे होणं. ते होईपर्यंत दुसरं काही नाही.

हे इतकं ठासून सांगते, कारण नेपाळ आपल्याला फार सोपं वाटतं. भारतीयाला व्हिसा लागत नाही, देवनागरी वाचता येते, हिंदीवर बरंच भागतं. सुनौलीला पायी सीमा ओलांडता येते. आपण परदेशात आलोय हेच मुळी ध्यानात राहत नाही. पण तिथला कायदा वेगळा आहे. 2015 च्या राज्यघटनेतल्या 26 व्या अनुच्छेदाने दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई केली. 2018 च्या ऑगस्टपासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाची शिक्षा संपली की त्याला सात दिवसांत देशाबाहेर काढतात. म्हणजे शिक्षा भोगूनही आपलं शेवटी परत येणं होतं. ज्याच्या ओसरीवर बसून आपण प्रार्थना केली, त्याचं घर मात्र तिथेच असतं. 1960 मध्ये नेपाळच्या पाल्पा भागातल्या तानसेन गावी बाप्तिस्मा घेतलेल्या नेपाळी माणसांना तुरुंगात जावं लागलं होतं. ही जोखीम कुणावर टाकायची हे बाहेरच्याने ठरवू नये. ते तिथल्याच माणसाने ठरवावं, आणि त्यासाठी आधी तो आपल्याला ओळखत असला पाहिजे.

तानसेनचंच आणखी एक उदाहरण मी मुलांना आवर्जून सांगते. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत रॉबर्ट फ्लेमिंग नावाचे शिक्षक होते. त्यांना पक्ष्यांचा मोठा अभ्यास. नेपाळ तेव्हा बाहेरच्यांना जवळजवळ बंद होता. 1949 मध्ये पक्ष्यांच्या अभ्यासासाठी परवानगी मागून ते आत गेले आणि पाल्पा भागात हिंडले. पुढच्या एका हिवाळ्यात त्यांची डॉक्टर पत्नी बेथेल आणि डॉ. कार्ल फ्रेडरिक्स यांनी तानसेनला रोगी तपासले. लोकांना ते हवंसं वाटलं, आणि तानसेनला इस्पितळ व काठमांडूच्या खोऱ्यात दवाखाने काढायची परवानगी नेपाळ सरकारकडून आली. ती अटींसह होती: खर्च तुमचा, आणि नेपाळी माणसं शिकवून तयार करायची. ते काम पेलण्यासाठी मार्च 1954 मध्ये अनेक मिशनांनी मिळून ‘युनायटेड मिशन टू नेपाळ’ स्थापन केली, तीही आपल्या नागपुरात! आमच्याकडे ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते, याचं मला वाईट वाटतं. गेले तेव्हा फ्लेमिंग यांना तिथे यजमान नव्हता. पण ते खोटं कारण सांगून गेले नाहीत, पक्षी खरंच पाहिले. रोग्यांना हात लावला तो तिथल्या लोकांच्या डोळ्यांदेखत, आणि पुढचं पाऊल विचारून टाकलं.

याच्या उलट हैतीत झालं. 12 जानेवारी 2010 चा भूकंप होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. अमेरिकेतल्या आयडाहोहून आलेल्या बाप्टिस्ट गटातले दहा जण 33 मुलांना घेऊन डोमिनिकन रिपब्लिककडे निघाले आणि सीमेवर पकडले गेले. मुलं अनाथ आहेत असं ते म्हणत होते, पण बहुतेकांचे आईबाप जिवंत निघाले. त्यांच्या मनात कळवळा नव्हता असं मी म्हणणार नाही. पण ‘थांबा, या पोराची आई पलीकडच्या गल्लीत राहते’ एवढं सांगणारा तिथला एखादा माणूस सोबत असता, तर गाडी निघालीच नसती.

नेपाळमधल्या पोखऱ्यात मी राहिले तेव्हा मैत्रीण आणि मी लॉजवर खोली घेतली होती. मी नर्स आहे, पण तिथे सुई हातात धरली नाही. नेपाळच्या नर्सिंग परिषदेकडे नाव नोंदवल्याशिवाय परक्या नर्सने काम करायचं नसतं. मग करायचं काय? बाजारात जायचं, भाषा कानांवर पडू द्यायची, आणि शनिवारी उपासनेला जायचं. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, म्हणून मंडळ्याही त्या दिवशी जमतात. 25 एप्रिल 2015 चा भूकंप अशाच एका शनिवारी दुपारच्या आधी झाला आणि उपासनेला बसलेली माणसं ठिकठिकाणी गाडली गेली. आम्ही मागच्या रांगेत बसायचो. पुष्कळ दिवसांनी एका दिदींनी डाळभात खायला घरी नेलं. जेवताना त्यांनी सांगितलं, की मागे बाहेरचा एक गट येऊन बाजारात पत्रकं वाटून गेला आणि पोलीस चौकशीला आले ते दिदींच्या दारात. त्यानंतर दिदी सांगतील तेच काम आम्ही केलं. बहुतेक ते मुलांचा अभ्यास घेण्याचं आणि भांडी घासण्याचं होतं.

बायबलमध्ये फिलिप्पै शहरात गेलेल्या प्रेषित पौलाचाही तिथे कुणी यजमान नव्हता. तो नदीकाठी जमलेल्या बायकांशी जाऊन बोलला, आणि ‘माझ्या घरी येऊन राहा’ हा आग्रह त्यांच्यातल्या लुदियाने केला. आपल्याकडे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले तेही बिनबोलावता. वर कंपनी सरकारने त्यांना निघून जायला सांगितलं होतं. हॉल मराठी शिकले, 1826 मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने वारेपर्यंत इथेच राहिले. म्हणून ‘बोलावणं नाही तर जाऊच नका’ असं माझ्याने म्हणवत नाही. ज्या मंडळीत मी वाढले, ती अशाच माणसांच्या श्रमांतून उभी राहिली आहे. पण दहा दिवसांची सहल काढून वीस जणांनी जाणार असाल आणि तिथे कुणीच ओळखीचं नसेल, तर तिकिटं काढू नका.

आणि कुणीच घरी बोलावलं नाही तर? तर प्रार्थना करून, लॉजचं भाडं चुकतं करून परत या, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गावी जा. निघण्याआधी एवढं मात्र तुमच्या पाळकांना आणि पैसे देणाऱ्यांना सांगून ठेवा, की आमच्या अहवालात तिथल्या लोकांचे फोटो नसतील, नावं नसतील, आणि किती जणांनी विश्वास ठेवला हा आकडाही नसेल. हे त्यांना आधी मान्य करायला लावा, मगच पैसे घ्या.