तुम्ही विचारलंत म्हणून: गेलाय म्हणता, मग सलाईन कशाची?

छत्रपती संभाजीनगरच्या एका अतिदक्षता विभागात मी सिस्टर आहे. बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडून डोक्याला मार लागलेली माणसं आमच्याकडे येतात. बहुतेक तरुण, बहुतेक दुचाकीवरची, डोक्यावर हेल्मेट नसलेली. त्यातली काही ब्रेन डेड होतात, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबतं, आणि त्यातल्या काहींच्या घरचे अवयवदानाला हो म्हणतात. मग एक प्रश्न हमखास येतो. कधी चुलते विचारतात, कधी गावाकडच्या लग्नात भेटलेले पाहुणे: "गेलाय म्हणता, मंग सलाईन कशाची चालू हाय? मशीन काहून लावलंय?"

या प्रश्नाच्या पोटात दोन शंका असतात. जीव आहे म्हणूनच औषध देतायत, ही पहिली. बिल वाढवायला देतायत, ही दुसरी. दोन्ही रास्त आहेत.

आधी 'गेला' हे ठरतं कसं ते सांगते. अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टर मिळून ते ठरवतात आणि त्यांतला एकही प्रत्यारोपण करणाऱ्या टीमचा नसतो. सगळ्या तपासण्या दोनदा होतात, मध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवून. डोळ्यांत टॉर्च मारतात, बुबुळाला कापसाचं टोक लावतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात, घशात नळी घालून खोकला येतो का पाहतात. शेवटी ॲप्निया टेस्ट, म्हणजे तो स्वतःहून श्वास घेतो का ते पाहणं. व्हेंटिलेटर काढतात, नळीतून नुसता ऑक्सिजन चालू ठेवतात. मी चादर कमरेपर्यंत खाली घेते आणि आम्ही सगळे छाती-पोटाकडे बघत उभे राहतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत साठच्या वर जातो. एवढा वाढल्यावर मेंदूत थोडी जरी धुगधुगी असेल तर छाती हलतेच. ब्रेन डेड माणसाची छाती तसूभरही हलत नाही. दुसऱ्या वेळीही तेच झालं, की मृत्यूची वेळ लिहितात.

तोपर्यंतची सगळी औषधं त्याला वाचवण्यासाठी असतात. घरच्यांनी संमती दिल्यानंतरची औषधं मात्र त्याच्यासाठी नसतात. ती त्याची किडनी, लिव्हर, हृदय ज्यांना मिळणार आहे त्यांच्यासाठी असतात. हे मी घरच्यांना असंच, सरळ सांगते.

मग हृदय कसं चालतं? हृदयाला स्वतःची लय असते. व्हेंटिलेटरमधून ऑक्सिजन मिळतोय तोवर ते धडकत राहतं. पण मेंदूवाचून बाकीचं शरीर फार काळ सावरून राहत नाही. सुजलेला मेंदू कवटीत दाबला जातो तेव्हा आधी बीपी दोनशेच्या वर उसळतं आणि नंतर एकदम कोसळतं, कारण रक्तवाहिन्यांना आवळून धरणारा हुकूमच बंद झालेला असतो. काहीच केलं नाही तर काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत हृदयही थांबतं, आणि त्याआधीच किडनी-लिव्हर खराब होऊ लागतात.

म्हणून संमतीनंतर अवयव सांभाळायची ती रात्र. अतिदक्षता विभागातली सगळ्यात जड ड्यूटी हीच, असं माझं ठाम मत आहे. लघवीचंच बघा. मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी लघवी आवरणारं हार्मोन सोडायची थांबते. मोजमापाच्या पिशवीत तासाला तीनशे, चारशे मिली लघवी येऊ लागते, अगदी पाण्यासारखी पांढरी. अंगातलं पाणी असं निघून गेलं की रक्तातलं सोडियम चढतं, आणि ते 155 च्या पुढे गेलं की लिव्हरला मार बसतो. मग व्हासोप्रेसिन, म्हणजे तेच हार्मोन औषध म्हणून, चालू करायचं, नाकातल्या नळीतून साधं पाणी द्यायचं, गेलेल्या लघवीच्या हिशोबाने सलाईन भरून काढायची, पोटॅशियमवर डोळा ठेवायचा. दर तासाला वाकून पिशवीचा आकडा वाचायचा, लिहायचा, पंपाचा दर बदलायचा. तुम्ही बघता ती सलाईन ही.

अंगाची ऊब सांभाळणारं केंद्रही मेंदूतच. बाहेर मे महिन्यात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात आणि आत आम्ही त्याला गरम हवेचं ब्लँकेट घालतो, शरीर 35 अंशांच्या खाली जाऊ नये म्हणून. फुप्फुसं सगळ्यात नाजूक. त्यांना छोटेच श्वास द्यायचे, उंचीवरून काढलेल्या वजनाला किलोमागे सहा ते आठ मिली. वेळच्या वेळी सक्शन, म्हणजे नळीने कफ ओढून काढणं, आणि कूस बदलणं. डोळे मिटून पट्टी लावायची, कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कोरडा पडू नये म्हणून थेंब घालायचे. साखर वाढली की इन्सुलिन.

अशा रात्री त्या बेडला एक सिस्टर पूर्ण मोकळी द्यायलाच हवी. तिच्या गळ्यात शेजारचे आणखी दोन बेड घालायचे नाहीत. घरच्यांनी छातीवर दगड ठेवून हो म्हटलेलं असतं. पहाटे बीपी सावरलं नाही म्हणून अवयव वाया जाणं मला सहन होत नाही.

एवढा वेळ का लागतो, हेही विचारतात. विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडून यादीप्रमाणे, रक्तगट जुळवून नावं ठरतात. एचआयव्ही, कावीळ यांच्या तपासण्या होतात. अपघात असेल तर पोलिसांचे कागद, पोस्टमार्टमची सोय. हृदय बाहेर काढल्यावर चारेक तासांतच बसवावं लागतं, म्हणून मुंबईला न्यायचं तर चिकलठाण्याहून विमानाची वेळ गाठावी लागते. किडनी बर्फात जवळपास दिवसभर टिकते, ती रस्त्यानेही जाऊ शकते.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. मध्येच कुणीतरी आतून धावत येतं: "सिस्टर, हात हलला!" खोटं नसतं ते. बोटं वळतात, पाय आखडतो, क्वचित दोन्ही हात वर उचलले जातात. ही हालचाल पाठीच्या मज्जारज्जूतून येते. मज्जारज्जू अजून जिवंत असतो आणि मेंदूला न विचारता स्नायू हलवू शकतो. कायद्यातल्या तपासण्या मेंदूच्या असतात, त्यामुळे निदान बदलत नाही. पण आईच्या हातात लेकराचं बोट हलतं तेव्हा मज्जारज्जू वगैरे कोण ऐकणार? म्हणून मी आधीच, शांतपणे सांगून ठेवते की असं होऊ शकतं, झालं तर मला बोलवा. आधी न सांगता नंतर समजावलं की ती सारवासारव वाटते, आणि विश्वास तिथेच तुटतो.

कुणी तुळजापूरचा अंगारा कपाळाला लावू द्या म्हणतं. लावू देतो. कूस बदलताना मी त्याला नावाने हाक मारून सांगते, वळवते रे दादा. तो ऐकत नाही हे मला पक्कं माहीत आहे. तरी सांगते.

राहिली बिलाची शंका. ब्रेन डेड जाहीर झाल्यानंतर दात्याच्या शरीराची देखभाल, अवयव काढणं, ते टिकवणं आणि नेणं यांचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकायचा नाही, हे त्याच कायद्याखालच्या 2014 च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याआधीच्या उपचारांचं बिल वेगळं, ते असतंच. म्हणून सही करण्याआधी रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाला समोर बसवा आणि कुठल्या तारखेपासून, किती वाजल्यापासूनचा खर्च तुमच्याकडे नाही ते कागदावर लिहून मागा. दुःखाच्या वेळी पैशांचं कसं विचारावं, असा संकोच धरू नका. मामा असोत, चुलते असोत, घरातल्या कुणीतरी एकाने हे विचारायचंच.